वार पडेपर्यंत

गेल्या श्रावणातली गोष्ट. भाचेसुनेला सातवा लागला होता आणि मोटारसायकलवर बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून तपासणीला न्यायला माझी गाडी. भाचा पुढे, ती मागे आडवी-तिडवी उशी घेऊन, आणि मी खड्डे चुकवत. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टर स्वतः तपासणी करतात, त्यामुळे आमच्या तालुक्याच्या आवारात त्या दिवशी आठवडेबाजार भरल्यासारखी गर्दी असते. बायका आत बाकांवर, हातात केसपेपर आणि ते गुलाबी-पिवळं कार्ड. पुरुष बाहेर कडुनिंबाखाली. कोणी गाडीच्या टाकीवर मोबाईल ठेवून काही बघतंय, कोणी तंबाखू मळतंय, कोणी भज्यांच्या गाड्यावर. ओल्या रेनकोटांचा, फिनेलचा आणि तळणीचा एकत्र वास. मीही त्या गर्दीत जाऊन उभा राहिलो. पुरुषाने कुठे उभं राहायचं हे कुणी सांगावं लागत नाही.

तेवढ्यात एक सिस्टर दारात आल्या. ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. म्हणाल्या, "बायकांना घेऊन आलेले सगळे बापे आत या. पैसे भरायचे नाहीत, घाबरू नका." दहा-बारा जण गेले, बाकीच्यांना एकदम फोन आले. मी म्हटलं, मी मामा आहे, मुलीचा नवरा हा. "मामापण चालतात. बसा." खोली लसीकरणाची होती. कोपऱ्यात फ्रीज घरघरत होता. भिंतीवर स्तनपान, कुपोषण, जंतुनाशकाने हात धुणं, असे पुष्कळ तक्ते, सगळ्यांवर बायकांची चित्रं. पुरुषाला उद्देशून भिंत दोनदाच बोलत होती. एक, इथे गर्भलिंगनिदान होत नाही. दोन, बिनटाक्याची पुरुष नसबंदी. म्हणजे मुलगा का मुलगी विचारू नकोस, आणि आता पुरे कर. मधल्या नऊ महिन्यांबद्दल भिंतीला त्याच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

सिस्टरनी पहिला प्रश्न विचारला तो कांद्याचा. पिंपळगावला आज उन्हाळ कांद्याला काय भाव? चार तोंडांतून चार भाव आले, शे-पन्नासाच्या फरकाने. लासलगावचाही आला, मागणी नसताना. मग त्यांनी विचारलं, घरी लोहाच्या गोळ्यांची पाकिटं किती शिल्लक आहेत? शांतता. बाळ दिवसातून किती वेळा हलतं, कुणी हात लावून पाहिलंय? यावर मागच्या बाकावर खुसखुस झाली, एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. माझा भाचा फरशीकडे बघत होता. सिस्टर काही चिडल्या नाहीत, त्यांना हे ठाऊक असणार. त्या म्हणाल्या, "बरं, गोठ्यात गाई आहेत ना? त्यांच्या वेळेला काय करता ते सांगा."

यावर मात्र खोलीला कंठ फुटला. कास कधी उतरते, शेपटीच्या दोन्ही बाजूंची हाडं कशी ढिली पडतात, पाय आधी दिसले का तोंड, वासराच्या नाकातला चिकटा कसा काढायचा, सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलक्यात खिडकीशी बसलेला एक पंचविशी-तिशीतला माणूस, दुसऱ्या खेपेचा बाप, शांतपणे म्हणाला, "गाय व्याली की वार पडेपर्यंत मी गोठा सोडत नाही, ताई. इथं मला कुणी थांब म्हणलंच नाही."

त्यानंतर काही क्षण फ्रीजच बोलत होता.

ते वाक्य मी गाडीत घेऊन आलो आणि ते अजून उतरलेलं नाही. कारण मला लगेच आमचे आजोबा दिसले. आमच्याकडे कपिली नावाची गाय होती. ती व्यायची असली की आजोबा संध्याकाळपासून गोठ्यात. कंदील खुंटीला, पोत्यावर घोंगडी, समोर विझत आलेली चिलीम. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला हाकललं नाही, फक्त "बोलायचं नाही" म्हणाले. ते स्वतः मात्र बोलत होते. कपिलीशी. काय बोलत होते ते आठवत नाही, आवाज आठवतो. घरात त्या आवाजात ते कुणाशी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. वासरू पडलं, कपिलीने चाटून काढलं, आजोबांनी त्याच्या खुरांची मऊ टोकं नखाने खुडली, धडपडणाऱ्याला उचलून आचळाला लावलं. मला वाटलं झालं, आता घरात जायचं. ते हलले नाहीत. अजून वार, म्हणजे पोटात वासराला पोसणारी, त्याच्यामागून बाहेर येणारी ती, पडायची होती. गूळ-बाजरीची घुगरी चारली, बांबूचा पाला चारला आणि बसून राहिले. ती आतच राहिली तर गाय जाते, आणि पडल्यावर लक्ष नसलं तर गाय स्वतःच खाते किंवा कुत्रं ओढून नेतं. पहाटे ती पडली. आजोबांनी ती टोपलीत घेऊन कंदिलाच्या उजेडात उलटीसुलटी करून पाहिली, तुकडा राहिला नाही ना याची खात्री केली, उकिरड्यापलीकडे खड्डा करून पुरली आणि मगच तोंड धुतलं.

आजीची नऊ बाळंतपणं त्याच घरात झाली. मधल्या खोलीत, सुईणीच्या हातून. मोठेपणी एकदा मी तिला विचारलं होतं, तेव्हा आजोबा कुठे असायचे? ती लसूण सोलत होती. "असतील मळ्यात. बाईच्या बाळंतपणात बाप्याचं काय काम?" मग बऱ्याच वेळाने, लसणाची टरफलं फुंकून टाकत म्हणाली, "थोरल्याच्या वेळेला मात्र रोज पहाटे शेगडीपुरत्या गोवऱ्या दाराशी रचलेल्या असायच्या. सुक्या, निवडून. पावसाळा होता. कुणी ठेवल्या ते मी विचारलं नाही." नऊतली पाच वाचली. हे ती लसूण सोलतानाच्या सुरातच सांगायची.

चिकाचंही असंच. आमच्या भागात गाय व्याली की पहिला चीक वासराला, उरलेल्याचा खरवस, वेलदोडा-जायफळ घालून. चीक चुकला तर वासरू टिकत नाही हे शेंबडं पोरही सांगेल. गाईच्या पोटात असताना वासराला वारेतून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातूनच येते, हे जनावरांच्या डॉक्टरांकडून पुढे कळलं, पण पाळणं आधीपासून होतं. आणि याच घरांमधून बाळंतिणीचं पहिलं घट्ट पिवळं दूध "ते जड असतं, पिळून टाक" म्हणून वाटीत पिळून तुळशीत ओतलेलं मी पाहिलेलं आहे. बाळाच्या तोंडाला मग मध, सोनं उगाळून. सिस्टरनी त्या दिवशी हे नेमकं पकडलं. त्या म्हणाल्या, वासराला तासाभरात चीक पाजता तसंच बाळाला तासाभरात आईचं दूध, आणि सहा महिने दुसरं काही नाही, मध नाही, गुटी नाही, पाणीसुद्धा नाही. आणि आई किंवा सासू वाटी घेऊन आली तर मध्ये उभं राहायचं काम तुमचं, कारण सून बोलली तर भांडण होतं आणि मुलगा बोलला तर नुसतं तोंड वाकडं होतं. यावर सगळे हसले. दोन-तीन जण नाही हसले, त्यांच्या डोळ्यांपुढे आपापली आई आली असणार.

बाकी वर्ग चाळीस मिनिटांचा. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाणी चालेल. कॅल्शियमची वेगळ्या वेळी. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर-हातावर सूज आली, अंगावरून गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी कुणाची, पेट्रोल आहे का, घर कोण राखणार, रक्त कोण देणार, हे आठव्या महिन्यातच ठरवायचं. घरी आल्यावर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या आल्या की मोटारसायकल काढून पळायचं नाही, शेजारी बसून ऐकायचं. (या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत आहे. त्यांचा यावरचा निबंध 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि गावातली थोडं शिकलेली बाई नवजात बाळ वाचवू शकते हे जगाला पटलं.) आणि शेवटी त्या म्हणाल्या, बाळंतीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडते, ते होतं. दोन आठवड्यांपुढेही रडू थांबलं नाही, झोप नाही, बाळाकडे बघवत नाही, असं झालं तर तिला नाटकं म्हणू नका, इकडे घेऊन या. हे बोलताना त्यांचा आवाज पडला. का, ते माहीत नाही.

मग त्यांनी कपाटातून एक कापडी बाहुली काढली. आत दोन किलो तांदूळ भरून शिवलेली. अडीच किलोच्या आतलं बाळ असलं तर ते थंड पडतं, त्याला उघड्या छातीवर घ्यायचं, कातडीला कातडी, वरून शर्ट आणि चादर. कांगारूसारखं. ही रीत 1978 मध्ये कोलंबियात, बोगोटाच्या एका गर्दीच्या दवाखान्यात, बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी सुरू केली. गरिबीतून निघालेला उपाय पुढे श्रीमंतांच्या दवाखान्यांनीही घेतला. "छाती आईचीच पाहिजे असं काही नाही. बापाची गरमी काही कमी नसते." एकेकाने बटणं सोडली, आतली गंजी वर केली, लाजत बाहुली घेतली. तो गोठ्यावाला सगळ्यात सराईत, एका हाताखाली मान, दुसऱ्या हाताखाली बूड. माझ्यावर पाळी आली. तांदूळ एकदम डोक्याकडून पायाकडे सरकले आणि मान मागे पडली. "मान, मामा, मान!" मला वयाच्या पन्नाशीला मान सांभाळता येत नव्हती. माझ्या मुलीला मी पहिल्यांदा नीट हातात घेतलं ते बाराव्या दिवशी, बारशाला, फोटोपुरतं.

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. कांद्याचा भाव, बाहुली, आणि मग तो माणूस, वार पडेपर्यंत. ती भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "माझी नव्हती का अडकली?"

मी विचारलं, काय?

"वार. हात घालून काढली ना. भूल दिली होती, पण आधीचं सगळं कळत होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हाला माहीतच होतं की. रक्त तुम्हीच तर आणलंत."

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिने तिच्या सोयीने घेतलं. ती पुढे मुलीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली. मी रक्त आणलं होतं हे खरं. 2006 साल. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे हॉस्पिटल तिच्या गावचं, मी पाहुणा. मला पतसंस्थेतून तीन दिवसांची रजा. केंद्र सरकारच्या नोकरदारांना 1997 पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. माझ्या पोस्टातल्या मित्राने ती घेतली आणि बारशाला पाहुणे येणार म्हणून घराला रंग देऊन घेतला. तर पहाटे चारला सिस्टर बाहेर आली, हातात चिठ्ठी आणि हिच्या रक्ताची बोटाएवढी नळी. "ए पॉझिटिव्ह, दोन पिशव्या, पळा." नळी मुठीत धरून मी रिक्षात बसलो. ती कोमट होती. हे मला अजून तळहातात आठवतं, की ती कोमट होती आणि रक्तपेढी येईपर्यंत निवली. जुळवणी होईपर्यंत तिथल्या लोखंडी बाकावर बसलो. परतताना दोन पिशव्या मांडीवर, बर्फासारख्या गार, पँटमधून गारवा हाडापर्यंत. मला मोठं काहीतरी करत असल्यासारखं वाटत होतं. जिना चढून आलो तर सासूबाई दारात, डोळे पुसत. मी पिशव्या सिस्टरच्या हातात दिल्या आणि विचारलं, "काय झालं?" या प्रश्नाचा आपल्याकडे एकच अर्थ असतो. "मुलगी. लक्ष्मी आली." मग पेढे, मग फोन, मग आणखी पेढे, मग औषधांच्या चिठ्ठ्या. तीन दिवस मी पळत होतो. सगळे म्हणाले, जावयाने फार धावपळ केली.

रक्त कशाला लागलं हे मी कुणालाच विचारलं नाही. बाळंतपणात लागतं, एवढं माहीत होतं.

त्या रात्री ती झोपल्यावर माळ्यावरून फाईल काढली. मी पतसंस्थेतला माणूस, कागद टाकत नाही. बिल होतंच. खोलीभाडं, लेबर रूम, भूलतज्ज्ञ, टाके, सलाइन, आणि मध्ये एक ओळ, "एम.आर.पी.", पुढे रक्कम. तिच्यापुढे माझी पेन्सिलीची टिक. माझ्या आयुष्यात एम.आर.पी. म्हणजे छापील किंमत. कशाची तरी छापील किंमत लावली आहे असं समजून मी बेरीज तपासली होती, बरोबर आली होती. दुसऱ्या दिवशी त्या अक्षरांचा दवाखान्यातला अर्थ शोधला. मॅन्युअल रिमूव्हल ऑफ प्लासेंटा. हाताने वार काढणं. बाईची वार साधारण अर्ध्या तासात पडायला हवी, राहिली तर गर्भाशय आकसत नाही आणि रक्त वाहत राहतं. आकड्यांचा माणूस म्हणून आकडेही शोधले. 2004-06 च्या पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 130 आया दगावत होत्या. 2018-20 मध्ये 33. आपल्या देशात या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण रक्तस्राव. त्या 130 च्या रांगेत ही अर्धा-पाऊण तास उभी होती आणि मी रिक्षात होतो. सात वर्षांचा असताना कपिलीची वार पडेपर्यंत मी जागा राहिलो होतो, ती उलटीसुलटी करून बघतात हे मला माहीत होतं. स्वतःच्या बायकोच्या वेळी हा शब्दसुद्धा मनात आला नाही.

पण मग काय, आत असायला हवं होतं? हे मी तिला दोन-चार दिवसांनी विचारलं, सरळ. तिने विचार केला आणि म्हणाली, "नको. तुम्हाला घेरी आली असती आणि मला तुम्हाला सांभाळावं लागलं असतं." मग थोड्या वेळाने, "दारात मात्र चाललं असतं." शहरांत आता जोडप्यांचे वर्ग असतात, नवरे श्वास मोजायला शिकतात, 'आम्ही प्रेग्नंट आहोत' म्हणतात. ते वाचून मला अजूनही हसू येतं आणि हसू आल्याची थोडी लाजही वाटते. सरकारनेही 2016 मध्ये ठरवलं की प्रसूतीच्या वेळी बाईसोबत तिचं एक माणूस असावं, शक्यतो बाळंतपण अनुभवलेली बाई, आणि जिथे आडोसा नीट आहे तिथे नवराही चालेल. आडोसा नीट आहे, यातच सगळं आलं. एका खोलीत तीन टेबलं आणि मध्ये एकच सरकता पडदा असेल तर एकीचा नवरा आत येणं म्हणजे दुसऱ्या दोघींसाठी परका पुरुष आत येणं. भाचेसुनेलाही विचारलं होतं. ती पटकन म्हणाली, "मला आईच पाहिजे." भाच्याचा चेहरा थोडा उतरला. मला ते बघून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती संस्कारांच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, सीमंतोन्नयनाचा विधी आहे. त्यात नवऱ्याने गरोदर बायकोच्या केसांतून वरच्या दिशेने तीनदा भांग पाडायचा, साळिंदराच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या काट्याने, कच्च्या उंबरांचा घोस हातात धरून. आणि वीणा वाजवणाऱ्यांना गायला सांगायचं. भाचेसुनेच्या डोहाळजेवणाला मला हे आठवलं. धनुष्यबाण घेऊन ती फुलांच्या झोपाळ्यावर बसली होती, बायका गात होत्या, आणि आम्ही सगळे पुरुष मांडवाबाहेर खुर्च्यांवर, जेवणाची वाट बघत. भाचा मात्र तिथे नव्हता. मागच्या दारी गॅसची शेगडी पेटवून आचाऱ्याशी बोलत असेल असं वाटलं. दिसला तो खोलीत, गोळ्यांची पाकिटं मोजताना. मला बघून त्याने ती खिशात घातली.

कार्तिकात, रात्री तीन वाजून काही मिनिटांनी फोन वाजला. त्याचाच. तिच्या माहेरच्या तालुक्याच्या दवाखान्यातून. मागे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "काय झालं?"

"वार पडली, मामा. पूर्ण. सिस्टरनी दाखवलीपण. आत आई होत्या, मी दारातच बसलो होतो. तिला आता चहा देतायत." आणि त्याने फोन ठेवला.

बायको जागी झाली होती. अंधारातच विचारलं, "काय झालं?"

म्हटलं, "वार पडली."

"ते कळलं. मुलगा की मुलगी?"

ते विचारायचं राहूनच गेलं होतं. मी परत फोन लावला, तर तो उचलेना.